औषध नाही, साल

माझा थोरला भाऊ आयुष्यभर चपला-बुटांच्या दुकानात होता, आणि गिऱ्हाइकाच्या गळ्यात माल मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. बूट चावतोय म्हणून माणूस तोंड वेडंवाकडं करायचा आणि आमचा दादा गुडघ्यावर बसून त्याला म्हणायचा, "चावत नाहीये हो, ओळख करून घेतोय तुमची. सैल पडेल हळूहळू." माणूस लंगडत दुकानाबाहेर पडायचा आणि वर दादाचे आभार मानायचा. दादाला वाटायचं, आपल्या जिभेवर जादू आहे. मला वाटायचं, जगात मूर्ख फार आहेत.

दुकानातून निवृत्त झाल्यावर जादूला गिऱ्हाईक उरलं नाही. मुलगी सासरी गेलेली, घरात दोनच माणसं, तो आणि वहिनी, आणि वरच्या खोलीत मी. मला तो लहानपणापासून वचकून असतो, म्हणून सगळी जादू वहिनीवर चालायला लागली. डबे कुठे ठेवावेत, कपडे कसे पिळावेत, खिडकी कधी उघडावी. ज्या बाईने इतकी वर्षं नोकरी करून घर चालवलं तिला हा घर शिकवायला बसला! वहिनी हसायची आणि डबे मागे होते तिथे ठेवायची.

मग साल आली. ज्या साली ही साल घरात आली ते सालच वाईट, असं मी म्हणते तेव्हा दादाला विनोद कळत नाही.

झाडाचं नाव लांबलचक आहे, गल्लीत सगळे नुसतं 'साल' म्हणतात. जडीबुटीच्या दुकानात मिळते. वरचं खरखरीत टरफल काढून टाकायचं, आतली फिकट, धाग्याधाग्यांची साल वाळवायची, कुटायची, चाळायची आणि कोमट पाण्यात घोळायची. जरा वेळ झाकून ठेवलं की ते घट्ट आणि बुळबुळीत होतं. मी आणि वहिनी एकाच बाइंडिंगखान्यात कामाला. पहिल्यांदा ती वाटी बघितली तेव्हा मी म्हटलं, "दादा, ही आमची खळ कशाला उचलून आणलीस घरी?" तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. फार सुखाचा आठवडा होता.

आता खरं ते खरं सांगते. घशाला बरं वाटतं त्याने. समोरच्या शाळेतल्या बाई दिवसभर पोरांवर ओरडून घसा बसवून घ्यायच्या, त्यांना आराम पडला. कोपऱ्यावरच्या शिंप्याचा कोरडा खोकला कमी झाला. मीसुद्धा एकदा सर्दीत चोरून घेतली आणि मला बरं वाटलं, पण ते मी त्याला मेले तरी सांगणार नाही. सालीने कुणाचं काही वाकडं केलं नाही. वाकडं केलं ते दादाने. शिंप्याचा खोकला थांबल्यावर हा अर्ध्या हळकुंडाने असा पिवळा झाला की विचारू नका. दुसऱ्याच दिवशी ओट्यावर खुर्ची टाकून बसला. सांधे दुखतात? साल. झोप येत नाही? साल. मुलगी ऐकत नाही म्हणून एक बाई रडत आली, तिलाही वाटीभर साल देऊन पाठवलं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आणि बोलायचा कसा? "आमच्या ह्या औषधापुढे डॉक्टरबिक्टर काही नाही. आतून लेप बसतो, लेप!" शब्द नीट ध्यानात ठेवा. औषध म्हणायचा. गल्लीत दिवसाकाठी शंभरदा औषध म्हणायचा.

वहिनीला लग्नाआधीपासून फिट येतात. यायच्या, म्हणायला हवं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला गोळी बसवून दिली होती आणि कित्येक वर्षांत तिला एकही फिट आली नव्हती. म्हणून तर ती कटिंग मशीनवर होती. मालकीणबाईंनी डॉक्टरांची लेखी हमी घेऊन मगच तिला तिथे उभं केलं होतं, आणि ती दरवर्षी नवी आणून द्यावी लागायची.

ते मशीन काय आहे ते सांगते, नाहीतर वहिनी काय होती ते कळायचं नाही. छापून आलेले कागद घडी घालून, शिवून, पुठ्ठा लागायच्या आधी तीन बाजूंनी कापावे लागतात. माणसाच्या छातीएवढी रुंद पात, खाली लोखंडी टेबल. आमचं मशीन जुनं, हात घातला तर थांबायची अक्कल त्याला नाही. थप्पी ठोकून सारखी करायची, मापाला लावायची, वरची दाबपट्टी खाली आणायची, हात काढायचे, पात सोडायची. एक सूत इकडेतिकडे झालं तर अख्खी थप्पी रद्दीत. वहिनी सूतभरही चुकायची नाही. कापलेल्या थप्पीच्या कडेवरून ती अंगठा फिरवायची, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा, आणि पुढची थप्पी घ्यायची. बाहेरगावचे छापखाने सांगून पाठवायचे, "कापायला त्या बाईंनाच द्या." घरात ती 'अगं ए' होती. तिथे ती 'त्या बाई' होती. मी तिची नणंद, कौतुक करायची मला सवय नाही, पण तिला मशीनवर बघताना मला अभिमान वाटायचा.

तर तिची ती गोळी मोठी. बटणाएवढी. घशात अडकायची, खरवडायची, वहिनीला ठसका लागायचा. इथे आमच्या दादाची प्रतिभा जागी झाली. चमचाभर सालीत मधोमध गोळी बसवायची आणि गिळायची. सुर्रकन जाते! वर पुन्हा अर्धी वाटी साल, म्हणजे मागे काही राहायला नको. ओट्यावर त्याने हे दहा जणांना सांगितलं. "ही युक्ती कुठल्या पुस्तकात नाही, माझी स्वतःची." वहिनीलाही बरं वाटलं. घसा खरवडायचा थांबला आणि नवरा खूश झाला. अशी एका दगडात दोन पाखरं क्वचित मिळतात, ती म्हणाली.

काही आठवड्यांनी मी शिवायच्या टेबलावरून मान वर केली तर वहिनी मशीनसमोर नुसती उभी. डावा हात थप्पीवर, पातीच्या खाली. डोळे उघडे, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग ती इकडे वळली आणि म्हणाली, "काय गं?" जणू मधलं काही झालंच नाही. माझ्या हातातली सुई खाली पडली होती, ती शोधायला मी टेबलाखाली वाकले आणि सापडल्यावरही बराच वेळ शोधत राहिले.

घरी आल्यावर मी दादाला सांगितलं.

"थकवा आहे," दादा म्हणाला. "साल वाढवू या."

"साल वाढवू या? अरे, ती पातीखाली हात घालून उभी होती!"

"तू आरडाओरडा करू नकोस. तुला सगळ्यात आग दिसते. आतून अशक्तपणा आहे, लेप कमी पडतोय."

लेप कमी पडतोय! मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्याजोगं नाही. पण एवढं झालं की तो तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. मी कामावर होते. परत आले तर म्हणे डॉक्टरांनी गोळी वाढवली. अर्धी जास्त. ती अर्धीसुद्धा ह्याने चमचाभर सालीत बसवली आणि वरची वाटी पूर्ण केली.

मी वहिनीला विचारलं, "डॉक्टरांनी काय काय विचारलं?"

"विचारलं मला," ती म्हणाली, "सांगितलं ह्यांनी."

हे नेहमीचंच होतं. दवाखान्यात, बँकेत, मुलीच्या शाळेत, कुणीही वहिनीला प्रश्न विचारायचा अवकाश, उत्तर दादाच्या तोंडातून. माणूस तिच्याकडे बघतोय आणि हा बोलतोय. मी थट्टा करायचे, की वहिनी मेल्यावर देवाने हिशेब विचारला तर हा खालून ओरडून सांगेल. वहिनी हसायची. आता वाटतं, त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

पुढची फिट तिला मशीनजवळच आली. नुसतं हरवणं नव्हे, खरी फिट. नशीब की थप्पी बदलायला ती मागे वळली होती. लोखंडी टेबलाच्या कोपऱ्यावर भुवई आपटली आणि ती खाली पडली. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले, मालकीणबाईंनी मशीनचा खटका बंद केला. शुद्धीवर आल्यावर वहिनीने आधी स्वतःची बोटं मोजली. सगळी होती. मग तिने मशीनकडे बघितलं, आणि मालकीणबाईंनी मान खाली घातली. त्या वाईट नाहीत. म्हणाल्या, "डॉक्टर लिहून देतील तेव्हा बघू. तोवर तुम्ही चिकटवायला बसा." वहिनी हो म्हणाली. भुवईवर पट्टी, हातात ब्रश, समोर खळीचं पातेलं. तिला रडू आलं नाही. मला आलं, आणि मी रडण्याच्या कामाची नाही.

ह्या वेळी डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. दादाने खूप आढेवेढे घेतले. "इतकी माणसं कशाला? डॉक्टर वैतागतात." मी चपला घालून दारात उभी राहिले.

डॉक्टर तरुण होते, चष्मा कपाळावर चढवलेला. रक्त तपासायला पाठवलं होतं त्याचा निकाल त्यांच्यासमोर होता. तो बघून ते वहिनीकडे वळले आणि जरा कडक आवाजात म्हणाले, "गोळी वाढवूनसुद्धा तुमच्या रक्तात औषध पुरेसं नाही. मागच्यापेक्षा कमीच आहे. तुम्ही गोळ्या चुकवताय."

वहिनीने तोंड उघडलं. तेवढ्यात दादा हसला. तेच दुकानातलं हसू.

"विसरभोळी आहे हो जरा ती," तो म्हणाला.

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. लग्न झाल्यापासून एक गोळी न चुकवलेली बाई. आपली गोळी न विसरता, शेजारणीच्या गोळीची तिला आठवण करून देणारी बाई. आणि तिचा नवरा, रोज सकाळी स्वतःच्या हाताने चमचा तिच्या तोंडात घालणारा, डॉक्टरांना सांगतो की ती विसरते!

डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी विचारलं होतं, पुन्हा विचारतो. ह्या गोळीशिवाय आणखी कुठलं औषध चालू आहे?"

"छे छे," दादा म्हणाला. "औषध हे एकच."

गल्लीतला धन्वंतरी दवाखान्यात मूग गिळून बसला. डॉक्टरबिक्टर काही नाही म्हणणारा, डॉक्टरसमोर गोगलगाय झाला. माझं डोकं असं फिरलं की मी खुर्चीवरून उठलेच.

"आणि ती वाटी कोण पितं रे रोज? तुझा बाप?" मी म्हणाले. बाप माझाही आहे, पण त्या क्षणी सुचेना. "डॉक्टर, हा तिला झाडाची साल पाजतो. वाटीवाटीने. घट्ट, बुळबुळीत, खळीसारखी. गोळीसुद्धा त्यातच घालून देतो, आणि वर आणखी पाजतो. गल्लीत ह्याला औषध म्हणतो. इथे म्हणतो औषध एकच!"

"साल म्हणजे औषध नाही," दादा पुटपुटला. "ते घरचं आहे. त्यांनी औषध विचारलं."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कुठल्या झाडाची साल, किती, कधी, गोळीबरोबर की नंतर, सगळं विचारलं. दादा उत्तर द्यायला पुढे सरकला, तर ते म्हणाले, "त्यांना सांगू द्या." आणि वहिनीने सांगितलं, हळूहळू, एकेक. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ही साल विषारी नाही. घशाला बरी आहे. पण असा चिकट पदार्थ गोळीभोवती बसला की गोळीतलं औषध रक्तात नीट उतरत नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्या. साल हवी तर बऱ्याच वेळाने." मग ते वहिनीला म्हणाले, "तुम्ही गोळ्या चुकवत नव्हतात. मी उगाच बोललो तुम्हाला."

वहिनीने विचारलं, "मशीनवर कधी जाऊ?"

त्यांनी शेवटच्या फिटची तारीख कागदावर लिहिली. मग म्हणाले, घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू. वर्षभर एकही फिट नाही असं दिसल्याशिवाय पातीसमोर उभं राहायला हरकत नाही असं ते लिहून देऊ शकत नाहीत. वहिनी बरं म्हणाली. एवढंच.

आणि जिन्यात दादा काय म्हणाला ठाऊक आहे? "ऐकलंस ना? घशाला बरी आहे म्हणाले. बंद करा म्हणाले का? नाही ना?" पडला तरी नाक वर! मी त्याला जिन्यावरून ढकललं नाही ह्याचं श्रेय वहिनीला, ती आमच्या मधून चालत होती.

नुसत्या पाण्याबरोबर गोळी सुरू झाली आणि फिट थांबल्या. पण मालकीणबाईंना काम अडवून चालणार नव्हतं. त्यांनी दुसरा कापणारा ठेवला. चांगला आहे बिचारा, सूतभर चुकतो. वर्षभराने त्याला काढून वहिनीला परत घ्या, असं कुठल्या तोंडाने सांगायचं? वहिनीने नाही सांगितलं. ती आता माझ्या शेजारी बसते आणि पुठ्ठ्यांना खळ लावते. पात खाली आल्याचा आवाज झाला की तिचा ब्रश थांबतो.

गेल्या रविवारी मी खाली आले तर ओट्यावर दरबार भरला होता. शिंपी, शाळेतल्या बाई, आणखी दोघं-तिघं. दादा वाटी हातात धरून सांगत होता, "आमच्या हिलाच बघा ना. किती वाईट दशा झाली होती! फिटवर फिट. शेवटी डॉक्टरांनीसुद्धा कबूल केलं की साल चांगली आहे. नेमाने घेतली आणि आता बघा, ठणठणीत!"

मी तोंड उघडणारच होते. पण दारात वहिनी येऊन उभी राहिली होती, ओले हात पदराला पुसत.

"मी सांगते माझं," ती म्हणाली.

दादा म्हणाला, "अगं, तेच तर सांगतोय मी."

"नाही. तुम्ही तेच नाही सांगत." तिचा आवाज चढला नव्हता. "बाई, ही साल घशाला चांगली आहे, तुम्ही खुशाल घ्या. दुसरी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. मी आजारी पडले ती सालीमुळे नाही. सालीला तोंड नसतं. ह्यांना होतं. डॉक्टरांनी पहिल्याच वेळी विचारलं आणि ह्यांनी सांगितलं नाही. उलट मी विसरते म्हणून सांगितलं. माझं मशीन गेलं ते त्याने."

शाळेतल्या बाईंनी वाटी हळूच खाली ठेवली. शिंपी घरी काहीतरी राहिलं म्हणून उठला. ओटा रिकामा व्हायला वेळ लागला नाही.

दादा वाटीकडे बघत बसला. मग म्हणाला, "चारचौघांत सांगायची काय गरज होती?"

"तुम्ही डॉक्टरांसमोर मला विसरभोळी म्हणालात, तेही चारचौघांतच," वहिनी म्हणाली. "ह्यापुढे तपासणीला मी ह्या तुमच्या बहिणीबरोबर जाईन. तुम्ही घरी थांबा."

"मग डॉक्टर काय म्हणाले ते मला कसं कळणार?"

त्याने हे इतक्या बारीक आवाजात विचारलं की दुसरं कुणी असतं तर कळवळलं असतं. मी कळवळले नाही.

"मी सांगेन," वहिनी म्हणाली. "मला सांगावंसं वाटलं तर."